आपल्या टाउनमध्ये गांजाचं दुकान येणार की नाही, हे नक्की ठरवतं कोण?

मागे एकदा आमच्या इकडच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रात्री साडेदहाला मेसेज आला, शाळेसमोर गांजाचं दुकान उघडतंय, मंगळवारी कौन्सिलला सगळ्यांनी या, आणि मग जो धुरळा उडाला तो बारा वाजेपर्यंत खाली बसला नाही. कोणी म्हणतंय पोलिसांना फोन करा, कोणी म्हणतंय घराची किंमत पडायच्या आत विकून टाकू, कोणी म्हणतंय अहो आता सगळं लीगलच आहे, आपण काय करणार. मी टाउनच्या वेबसाइटवर जाऊन अजेंडा उघडला तर त्यात दुकानबिकान काही नव्हतं. एका ऑर्डिनन्सचं, म्हणजे टाउनच्या स्थानिक कायद्याचं, पहिलं वाचन होतं आणि ते ऑर्डिनन्स चौदा पानांचं. ते मी वाचलं, पहिल्या वेळी सगळं डोक्यावरून गेलं, मग राज्याचा कायदा वाचला, टाउनच्या क्लार्कबाईंना दोनदा जाऊन विचारलं, आणि तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं. न्यू जर्सीत आपली एवढी मराठी घरं आहेत आणि बहुतेकांना हा सगळा प्रकार कसा चालतो हे माहीतच नाही, म्हणून जेवढं कळलं तेवढं नीट लिहून काढतेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. अमेरिकेत गांजा लीगल आहे का, या प्रश्नाला एक उत्तर नाही, तीन आहेत. वॉशिंग्टनचा म्हणजे केंद्राचा कायदा म्हणतो की मौजेसाठी गांजा विकणं बेकायदा. राज्याचा कायदा म्हणतो, आमच्या हद्दीत एकवीस वर्षांवरच्या माणसाला लायसन्सवाल्या दुकानातून घेता येईल. आणि तिसरा थर म्हणजे आपलं टाउन, जे म्हणतं की राज्यात चालत असेल, पण आमच्या मेन स्ट्रीटवर दुकान काढायचं की नाही ते आम्ही ठरवणार. हे तिन्ही एकाच वेळी खरं असतं, आणि तिथेच सगळा गोंधळ होतो.

न्यू जर्सीत कसं झालं बघा. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत मतपत्रिकेवरच प्रश्न होता, गांजा कायदेशीर करायचा का, आणि साधारण ६७ टक्के लोकांनी हो म्हटलं. मग २२ फेब्रुवारी २०२१ ला गव्हर्नर फिल मर्फींनी कायद्यावर सही केली. त्या कायद्यात टाउन्सना १८० दिवस दिले होते, म्हणजे २१ ऑगस्ट २०२१ पर्यंत. तेवढ्या वेळात टाउनने ऑर्डिनन्स करून नको म्हटलं तर नको, त्याला ऑप्ट आउट म्हणतात. आणि ज्या टाउनने काहीच केलं नाही, गप्प बसलं, त्याचं उत्तर आपोआप हो धरलं गेलं, तेही पाच वर्षांसाठी. मौनं सर्वार्थसाधनम् आपण शाळेत शिकलो, इथे मात्र मौनाचा अर्थ सरळ होकार.

त्या वेळी राज्यात ५६५ टाउन, बरो, सिटी वगैरे होते, त्यातल्या साधारण ४०० जणांनी ऑप्ट आउट केलं. म्हणजे बघा, राज्यभरात दोनतृतीयांश लोकांनी हो म्हटलं आणि टाउन्सपैकी दोनतृतीयांशपेक्षा जास्त टाउन्सनी नाही म्हटलं. यात लबाडी काही नाही. माणूस राज्यासाठी मत देताना म्हणतो की कोणाला गांजासाठी तुरुंगात टाकू नका, आणि तोच माणूस स्वतःच्या घराच्या कोपऱ्यावर दुकान नको म्हणतो, आणि त्याच्या डोक्यात या दोन्ही गोष्टी व्यवस्थित एकत्र नांदतात. शिवाय तेव्हा राज्याचे सविस्तर नियमच आले नव्हते, तर पुष्कळ टाउन्सच्या वकिलांनी सांगितलं की आत्ता नाही म्हणा, पुढे वाटलं तर हो म्हणता येईल. हे महत्त्वाचं आहे, कारण कायदा एका बाजूला कललेला आहे. नाही म्हटलेल्या टाउनला कधीही, उद्यासुद्धा, हो म्हणता येतं. पण हो म्हटलेल्या किंवा गप्प राहिलेल्या टाउनला पाच वर्षं मागे फिरता येत नाही. ती पाच वर्षं ऑगस्ट २०२६ ला संपतात आणि तिथून पुन्हा १८० दिवस मिळतात. त्यातही जे दुकान आधीच सुरू झालंय त्याला ते बंद करू शकत नाहीत, नवीन नको एवढंच म्हणू शकतात.

आमचं टाउन ऑप्ट आउट केलेल्यांपैकी, आणि आता ते हो म्हणायचा विचार करत होतं. तो मेसेज त्याबद्दल होता.

शेजारच्या घरात एक काकू आल्यात, मुलाकडे सहा महिन्यांसाठी, मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. त्यांना मी हे सगळं समजावून सांगत होते तर त्या मध्येच म्हणाल्या, "म्हणजे उभी बाटली आडवी बाटलीच की गं." आणि खरंच, मराठी माणसाला समजावायला याच्याइतकं सोपं उदाहरण नाही, माझ्याच कसं डोक्यात आलं नाही कोण जाणे. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के मतदारांनी, नुसत्या बायकांनी सुद्धा चालतं, सह्या करून निवेदन दिलं की दारूच्या दुकानासाठी मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. काकूंच्या गावात हे झालं होतं, त्या स्वतः सह्या गोळा करत दारोदार फिरल्या होत्या, आणि सांगताना अजून त्यांचा आवाज चढतो, की मतदानाच्या दिवशी कामावर न जाता बायका सकाळी सातला रांगेत होत्या, कारण नुसती झालेल्या मतांत सरशी पुरत नाही, यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. घरी बसलेली प्रत्येक बाई म्हणजे उभ्या बाटलीला मत.

पण दोन ठिकाणी इकडचं वेगळं आहे आणि ते फरक समजले की अर्धा विषय संपला. एक, तिकडे लायसन्स सरकारने आधीच दिलेलं असतं, दुकान चालू असतं, आणि लोक नंतर उठून ते बंद करतात. इकडे टाउनने आधी हो म्हटल्याशिवाय दुकान उघडतच नाही. दोन, तिकडे शेवटी मत गावाचं असतं. इकडे मत कौन्सिलच्या पाच, सात, नऊ जणांचं असतं, तुम्ही आम्ही फक्त माइकसमोर उभं राहून बोलू शकतो. दारूचं म्हणाल तर न्यू जर्सीत अजूनही ओशन सिटीसारखी टाउन्स आहेत जिथे दारू विकतच नाहीत, म्हणजे टाउनने आपल्यापुरतं ठरवायचं ही पद्धत इकडे काही नवीन नाही.

आता ऑर्डिनन्स कसं पास होतं ते. पहिल्या वाचनाला मी गेले तर क्लार्कबाईंनी फक्त शीर्षक वाचलं, कौन्सिलने मत दिलं, तीस सेकंदात संपलं, आणि मागे उभे असलेले आपले पन्नास लोक एकमेकांकडे बघत राहिले की झालं? पास झालं? नाही. पहिलं वाचन म्हणजे नुसतं टेबलावर ठेवणं. मग त्याची जाहीर सूचना निघते, झोनिंगचा, म्हणजे टाउनच्या कुठल्या भागात काय चालेल याचा, मामला असेल तर ते प्लॅनिंग बोर्डाकडे जातं आणि त्यांना टाउनच्या मास्टर प्लॅनशी जुळतंय का हे ३५ दिवसांत कळवायचं असतं, आणि त्यानंतर दुसरं वाचन. खरी सुनावणी दुसऱ्या वाचनाला. ज्यांना बोलायचंय त्यांनी त्या दिवशी यायचं. आमच्याकडे झालं असं की पहिल्या वेळी पन्नास लोक आले, चिडून घरी गेले, आणि दुसऱ्या वेळी पंधरा आले. मला याचं फार वाईट वाटलं.

पुढचा मुद्दा जरा किचकट आहे पण खरी मेख इथेच आहे, तो म्हणजे झोनिंग. टाउनच्या हातात नुसतं हो किंवा नाही एवढंच नसतं. किती दुकानं, कुठे, शाळेपासून किती लांब, किती वाजता उघडायचं, किती वाजता बंद, हे सगळं टाउन लिहू शकतं. लायसन्सचे सहा प्रकार आहेत, पिकवणारा, माल बनवणारा, घाऊक विकणारा, वाहतूक करणारा, किरकोळ दुकानदार आणि घरपोच डिलिव्हरीवाला, आणि टाउन म्हणू शकतं की गोदाम चालेल पण दुकान नको. मात्र जी टाउन्स गप्प बसली, काहीच लिहिलं नाही, तिथे कायद्याने ठरवून टाकलंय की कारखान्यांच्या झोनमध्ये पिकवणं बनवणं चालणार आणि दुकानांच्या झोनमध्ये किरकोळ विक्री अटींवर चालणार. दारूच्या लायसन्सला राज्याने लोकसंख्येप्रमाणे मर्यादा घातलीय, बारसाठी दर तीन हजार लोकांमागे एक असा हिशोब आहे. गांजाच्या दुकानांना तशी राज्याची मर्यादा नाही. आकडा टाउनने लिहिला तरच आहे.

आमच्या मीटिंगला टाउनच्या प्लॅनरने एक मोठा नकाशा स्टँडवर लावला होता. पिवळं म्हणजे घरं, लाल म्हणजे दुकानं, जांभळं म्हणजे गोदामं कारखाने. त्यावर त्याने पारदर्शक प्लास्टिक टाकलं, ज्यावर प्रत्येक शाळेभोवती हजार फुटांचं वर्तुळ, प्रत्येक पार्कभोवती पाचशे फुटांचं. आणि मग सगळ्यांना दिसलं की वर्तुळं एकमेकांत मिसळून जवळजवळ सगळा लाल भाग झाकला गेला, उरला तो हायवेलगतचा एक पट्टा, जिथे आत्ता टायरचं दुकान आणि बंद पडलेलं मॅट्रेसचं शोरूम आहे. व्हॉट्सॅपवर जे शाळेसमोर शाळेसमोर चाललं होतं त्याचं उत्तर त्या एका प्लास्टिकच्या कागदात होतं. माझं म्हणणं एवढंच की तुम्ही विरोधात असा की बाजूने, तो नकाशा मागा. हजार फुटांचं पाचशे केलं की कोणते कोपरे उघडे पडतात ते बघा. ऑर्डिनन्समधला तो एक आकडा बाकीच्या तेरा पानांपेक्षा महत्त्वाचा आहे.

बरं, ऑर्डिनन्स पास झालं म्हणजे दुकान आलं असंही नाही. अटींवर परवानगी असेल तर दुकानदाराला प्लॅनिंग बोर्डापुढे जावं लागतं, पार्किंग, ट्रॅफिक, वासासाठी फिल्टर, कॅमेरे हे सगळं दाखवावं लागतं, आणि जागेपासून २०० फुटांच्या आत ज्यांची प्रॉपर्टी आहे त्यांना निदान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस बहुतेक सर्टिफाइड मेलने येते. आपल्यातले कितीतरी जण पोस्टाची चिठ्ठी दारावर लागली तरी घ्यायला जात नाहीत, कोणीतरी काहीतरी विकतंय असं समजून. घ्या ती. एखादी अट पूर्ण होत नसेल तर दुकानदाराला झोनिंग बोर्डाकडे सूट मागावी लागते आणि तिथे पाच सदस्यांचा होकार लागतो, साधं बहुमत पुरत नाही.

आणि याशिवाय टाउनचा पाठिंबा आहे असा ठराव लागतो, त्याशिवाय राज्याच्या कॅनाबिस म्हणजे गांजा कमिशनकडून दुकानाचं लायसन्स हातात पडत नाही. इथे जरा थांबते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी या टप्प्याची वाटते. टाउनने लिहिलंय की एकच दुकान, आणि अर्ज आलेत आठ. मग कोणाला द्यायचं? कशावरून? मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर शहराची गोष्ट माहीत असेल तर हा प्रश्न किती गंभीर आहे ते कळेल. तिथला मेयर जॅसियल कोरिया, २०१५ ला निवडून आला तेव्हा तेवीस वर्षांचा, सगळीकडे कौतुक. त्या राज्याच्या पद्धतीत दुकानदाराला शहराचं ना हरकत पत्र लागायचं आणि ते पत्र मेयरच्या सहीचं. त्याने गांजाच्या दुकानदारांकडून त्या पत्रांसाठी लाखो डॉलर उकळले, मे २०२१ मध्ये दोषी ठरला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. तिथे शहरांना दुकानदाराशी करार करून विक्रीच्या ३ टक्क्यांपर्यंत फी घेता यायची, ती खरं तर दुकानामुळे शहराला होणाऱ्या खर्चाशी निगडित असायला हवी होती, पण बरीच शहरं खर्चाचा हिशोब न दाखवताच घेत राहिली, शेवटी २०२२ मध्ये कायदा बदलून त्यावर लगाम घालावा लागला. सही एका माणसाची आणि लायसन्स मोजकी, असं जिथे असेल तिथे हा धोका येतोच, मग तो गांजा असो की वाळूचा ठेका. म्हणून तुमच्या टाउनमध्ये निवड गुण देऊन होणार का, गुण कोण देणार, ते कागद लोकांना बघायला मिळणार का, हे दुसऱ्या वाचनालाच विचारा. आमच्याकडे एका बाईंनी विचारलं, आणि वकिलांना दोन मिनिटं उत्तर देता आलं नाही, मग ते कलम नव्याने लिहिलं गेलं.

पैशाबद्दल. कौन्सिलची मंडळी बोलताना न्याय, रोजगार, आजारी लोकांची सोय असं बरंच बोलतात आणि ते खोटं नाही, पण मनात टॅक्स असतोच, ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नाही. न्यू जर्सीत टाउनला किरकोळ विक्रीवर जास्तीत जास्त २ टक्के लावता येतात. समजा एक दुकान वर्षाला पन्नास लाख डॉलरचा धंदा करतंय, तर टाउनला एक लाख मिळाले. एक लाख ऐकायला मोठे वाटतात, पण एका पोलिसाचा पगार, विमा, पेन्शन धरली की जवळपास तिथेच संपतात. त्याने कोणाचा प्रॉपर्टी टॅक्स कमी होणार नाही. न्यूयॉर्क राज्यात स्थानिक वाटा ४ टक्के आहे, ३ टाउनला, १ काउंटीला, म्हणजे तिकडे गणित थोडं वेगळं आहे, तरी आपलं टाउन श्रीमंत होईल असं कोणी सांगत असेल तर त्याला पेन्सिल कागद घेऊन बसवा.

मग नाही म्हणावं का? सुरुवातीला माझं मत सरळ नाही होतं. दोन मुलं आहेत, मोठी मिडल स्कूलला. पण विचार करत गेले तसं कळलं की ऑप्ट आउटने जे थांबेल असं आपल्याला वाटतं ते थांबत नाही. बाहेरच्या लायसन्सवाल्या डिलिव्हरी सर्व्हिसला आपल्या टाउनमध्ये घरपोच द्यायला टाउन बंदी करू शकत नाही, कायद्यातच लिहिलंय. प्रौढ माणसाला सहा औंसपर्यंत जवळ बाळगता येतं, ते टाउन बदलू शकत नाही. शेजारच्या टाउनमध्ये दुकान असेल तर बारा मिनिटांचा रस्ता, आणि टॅक्स त्या टाउनला. सगळ्यात वाईट म्हणजे गॅस स्टेशनवर, व्हेपच्या दुकानात हेम्पच्या (गांजाचंच कमी नशेचं झाड) नावाखाली नशेच्या गोळ्या, पेयं विकली जात होती, ना वयाची तपासणी ना आत काय आहे त्याची. २०१८ च्या केंद्राच्या शेती कायद्यात राहिलेल्या फटीतून तो माल आला. न्यू जर्सीने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर कायदा केला, पण त्याआधीची वर्षं ऑप्ट आउट केलेल्या टाउन्समध्ये सुद्धा तो काउंटरवर च्युइंगमच्या शेजारी ठेवलेला असायचा. न्यूयॉर्क शहरात लायसन्सवाली दुकानं यायला उशीर झाला तर तेवढ्यात बेकायदा दुकानांचं पेवच फुटलं, शेवटी २०२४ मध्ये त्यांना टाळं ठोकायची मोहीम काढावी लागली.

म्हणून एक दिवस मी शेजारच्या टाउनमधल्या लायसन्सवाल्या दुकानात जाऊन आले, काही घ्यायला नाही, बघायला. दारातच माणूस, आयडी मशीनवर टाकून तपासतो, एकवीसच्या खाली असलं तर पुढे पाऊल नाही. आत सराफाच्या दुकानासारखं, काचेचे काउंटर, टॅबलेटवर यादी, एका वेळी जास्तीत जास्त एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. रांगेत बहुतेक पन्नाशी साठीचे लोक, एक आजी गुडघ्याला लावायचं मलम विचारत होत्या. माल बंद पुडक्यात, पुडकं सीलबंद पिशवीत. क्रेडिट कार्ड चालत नाही, कारण केंद्राच्या कायद्यामुळे कार्ड कंपन्या लांब राहतात, कोपऱ्यात एटीएम. दुकानाच्या दारात मला भीती वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

भीती वाटली ती गमीज, म्हणजे गांजा घातलेल्या जेलीच्या गोळ्या, बघून. लाल, पिवळ्या, आंब्याच्या चवीच्या, आणि आपल्या घरात डब्यात पडल्या तर लहान मूल खाऊच समजणार. देशभरातल्या पॉयझन सेंटर्सकडे सहा वर्षांखालच्या मुलांनी गांजाचे खाण्याचे पदार्थ खाल्ल्याच्या २०१७ मध्ये २०७ केसेस नोंदल्या गेल्या, २०२१ मध्ये ३,०५४. चार वर्षांत पंधरापट. मूल सुस्त पडतं, चालताना झोकांड्या जातात, कधी श्वासावर परिणाम होतो. घरात पाहुणे, भाडेकरू, कॉलेजचं मूल, कोणाच्याही बॅगेतून हे येऊ शकतं, टाउनने हो म्हटलं असो वा नाही. पॉयझन सेंटरचा नंबर १-८००-२२२-१२२२ फ्रिजवर लावून ठेवा, चोवीस तास चालतो, कोणी तुम्हाला पकडायला येत नाही. आणि मूल उठत नसेल, श्वास नीट घेत नसेल तर सरळ ९११.

आता आपल्या लोकांसाठी खास. एच-वन, ग्रीन कार्ड, ग्रीन कार्डच्या रांगेतले, सगळ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. इमिग्रेशन केंद्राच्या कायद्यावर चालतं, राज्याच्या नाही. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने लिहून ठेवलंय की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंध हा सिटिझनशिपसाठी लागणाऱ्या चांगल्या चारित्र्याच्या आड येऊ शकतो, आणि संबंध म्हणजे ओढणंच नाही, त्या धंद्यात नोकरी करणं सुद्धा. म्हणजे तुमचा मुलगा सुट्टीत दुकानाच्या काउंटरवर उभा राहिला, किंवा तुम्ही मित्राच्या डिस्पेन्सरीत म्हणजे गांजाच्या दुकानात पैसे घातले, किंवा आपला रिकामा गाळा भाड्याने दिला, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. गाळ्याचा प्रश्न मला तिघांनी विचारला, कारण भाडं खरंच चांगलं देतात. होळीला भांग घेतो तेव्हा काही होत नाही, मग इथे काय, असंही एकाने विचारलं. भारतातल्या १९८५ च्या कायद्यात नुसती पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, फुलोरा येतो, म्हणून भांगेचं वेगळं. इकडच्या दुकानात जे विकतात तो फुलोराच, म्हणजे आपल्याकडचा सरळ सरळ गांजा.

माझं मत शेवटी असं झालं की एक दुकान, हायवेच्या पट्ट्यात, हजार फूट तसंच ठेवून, निवडीचे कागद उघडे ठेवून, रात्री नऊला बंद, असं असेल तर हो. आणि टॅक्सचे जे काही येतील त्यातला वाटा शाळेतल्या काउन्सेलिंगला जावा, हे ऑर्डिनन्सबरोबरच्या ठरावात लिहून घ्यावं. मी माइकवर हेच बोलले, तीन मिनिटं मिळतात, समोर घड्याळ उलटं चालत असतं, माझं अडीच मिनिटांत संपलं. माझ्यानंतर एक गृहस्थ बोलले, त्यांचा भाऊ नशेपायी गेला होता, त्यांनी हात जोडून सांगितलं की एकही नको. हॉल शांत झाला. त्यांच्या बोलण्याला मी काही उत्तर दिलं नसतं आणि आताही देणार नाही.

मत झालं तीन विरुद्ध दोन, पास. नऊची वेळ आली, हजार फूट राहिले, काउन्सेलिंगचा वाटा नाही आला, बजेटच्या वेळी बघू म्हणाले.

काकू माझ्याबरोबर आल्या होत्या, मागच्या रांगेत शाल घेऊन बसून होत्या. पार्किंगमध्ये आल्यावर म्हणाल्या, "एवढे हजारो लोक राहतात आणि ठरवलं ते तिघांनीच होय?" मी म्हटलं हो, आणि त्या तिघांपैकी दोघांच्या खुर्च्यांची निवडणूक येत्या नोव्हेंबरात आहे. त्या म्हणाल्या, मग यादीत तुझं नाव आहे का. माझं आहे, मागच्या वर्षी सिटिझनशिपची शपथ झाली तेव्हाच नोंदवलं. त्यांच्या सुनेचंही आहे, पण तिने अजून टाउनच्या निवडणुकीत एकदाही मत दिलेलं नाही, फक्त प्रेसिडेंटच्या. गाडीत बसल्यावर काकूंनी सुनेला फोन लावला.